मसीनाची तार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. मला सहा तारा आहेत. पण त्यांतली पाचवी तार बोटाने छेडायची नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. तो का, ते ऐका.

वेलिंग्टनच्या डोंगरउतारावर, जिथे वारा माणसांच्या आधी घरात शिरतो, तिथे दूरच्या बेटांवरून आलेल्या सामोअन लोकांचे एक छोटे चर्च आहे. गिटार होण्याआधी मी त्या चर्चमधला बाक होते. तिथले पाद्री एतुआले प्रवचन सांगता सांगता गाऊ लागत. तुमच्याकडचे कीर्तनकारबुवा बोलता बोलता अलगद चाल धरतात ना, अगदी तसेच. हरवलेल्या लेकराला देव हाक मारतो, त्या जागी आले की 'ये' या एकाच शब्दावर ते इतका वेळ रेंगाळत, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना रुमाल नाही तर टोपी लावत. चाळीस वर्षे ती हाक माझ्या लाकडात मुरली.

बाकाचा पाय मोडला, तेव्हा पाद्रीबाबांची मुलगी मसीना माझी फळी घेऊन एका गिटार बनवणाऱ्याकडे गेली. त्याने मला तासले, वाकवले, सरसाने जोडले. मला पोट आले, पोटावर गोल तोंड आले, गळा आला. मग मसीनाने मला तिच्या मित्राच्या, कॅलमच्या, मांडीवर ठेवले.

"घे रे लंबू. इतकी वर्षं लोक हिच्यावर बसले, आता ही तुझ्यावर बसेल."

दोघे मिळून जॅझ करत. पण रुळलेल्या वाटेने जाणारे नव्हे. मसीनाच्या गाण्यात शब्द नसत. ती पारव्यासारखी घुमे, दारासारखी करकरे, मध्येच नुसता श्वास घेई आणि तोच सूर होई. कॅलम कधी चमच्याने, कधी आगकाडीने माझ्या तारा बोलक्या करी. एकदा ती माझ्या तोंडाशी वाकून एक लांब सूर गायली, आणि हात न लावता माझी पाचवी तार गुणगुणू लागली.

"थांब! तिला शिवायचं नाही," मसीना ओरडली. "ती माझी."

तेव्हापासून कॅलम पाच तारांवर वाजवू लागला. मैफलीच्या शेवटी तो दोन्ही हात वर उचली, मसीना गाई, आणि ती तार एकटी उत्तर देई. लोक टाळ्या वाजवायचे विसरत. मैफल संपली की मसीना मऊ फडक्याने तेवढी तार स्वतः पुसे.

पाद्रीबाबा एकदाच ऐकायला आले.

"कसं वाटलं, बाबा?"

"यापेक्षा आपली किटली बरी शिटी मारते!"

मसीना पोट धरून हसली. पुढे कित्येक दिवस ती "आता किटलीबाई गातील" असे म्हणूनच सुरुवात करी. पण बाबा पुन्हा आले नाहीत, आणि तिनेही बोलावले नाही.

मग तिच्या छातीत दुखणे शिरले. अकरा आठवड्यांत मसीना गेली.

कॅलमने मला स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगले. त्याने मला वाजवले नाही, पुसलेही नाही. "तिचा श्वास आहे या तारेवर," तो भिंतीला सांगे.

एका सकाळी चुलीवरच्या किटलीने शिटी दिली, आणि माझी पाचवी तार गुणगुणली. कॅलमच्या हातातला कप फुटला.

"मसीना?"

त्या दिवसापासून किटली सारखी चुलीवर चढू लागली. चहा कुणी पीत नव्हते. पाणी उकळे, शिटी होई, तार बोले, आणि कॅलम माझ्या पोटाला कान लावून उभा राही. मित्रांनो, मी लाकडाची; मला ठाऊक होते की ही किटली आहे. पण खरे सांगू? दर वेळी मलाही वाटे, तीच आली.

वाफेने माझा सरस सुटू लागला. पोट फुगले. तार गंजली. तिचा सूर रोज थोडा बारीक होई, कुणी टेकडी उतरून दूर जात असल्यासारखा.

"जाऊ नकोस ना," कॅलम म्हणे, आणि पुन्हा पाणी भरी.

एका शनिवारी दुपारी पाद्रीबाबा नारळाच्या दुधातले पाव घेऊन आले. वाफेने खोली पांढरी झालेली.

"अरे पोरा, हे घर आहे की न्हाणी?"

"श्श! ऐका."

शिटी झाली. तार बोलली. बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तिला मी किटली म्हणालो होतो," ते म्हणाले. "आणि आता तू किटलीला ती म्हणतोयस."

त्यांनी चूल विझवली. कॅलम धावला. "नको, बाबा! मग ती येणारच नाही!"

"बस, लेका."

त्यांनी मला मांडीवर घेतले. आपल्या चर्चमधली फळी त्यांच्या बोटांनी ओळखली. ते माझ्या तोंडाशी वाकले आणि प्रवचनातला तोच शब्द गायले: 'ये'. माझी तार भरून बोलली, मसीना असताना बोले तशी. तेव्हा कुठे बाबांना कळले, की पोरीने तो सूर कुठून उचलला होता. त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. जन्मभर 'ये' म्हणणारा तो माणूस त्याच सुरात गायला, "जा, बाळ. नीट जा."

तार तुटली.

कॅलम जमिनीवर बसून रडला. बाबांनी त्याच्यापुढे पाव ठेवला, "खा" म्हणाले, आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने मला कोरडे करू लागले. "पुसत जा रे हिला. गळा आहे हा माझ्या पोरीचा."

माझे पोट पुन्हा सरसाने जोडले गेले. नवी तार चढली. नियम जुनाच राहिला. आता रविवारी कॅलम मला चर्चमध्ये नेतो. बाबा 'ये' वर आले, की तो दोन्ही हात वर उचलतो. तार बोलते, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हळूच दाराकडे वळून पाहतात. मीही पाहते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची एखादी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला नुसती टांगून ठेवू नका. पुसा, वापरा, तुटली तर सांधा. आणि कधी गिटारीजवळ गायलात, तर गाणे संपल्यावर लगेच बोलू नका. थोडे थांबा.