वकील आणि नवा तवा

सकाळी सव्वासातला वकील मेला.

वकील म्हणजे घरातला पोपट. तोंड कधी मिटायचा नाही, म्हणून सासऱ्यांनी हे नाव ठेवलेलं. अर्धांगवायूच्या झटक्यात सासऱ्यांची वाचा गेली आणि परत आली ती वकिलापुरती. पिंजऱ्यासमोर बसून ते रोज एक वाक्य कसंबसं जुळवायचे, "काय रे, जेवलास?" वकील उलट विचारायचा, "तू जेवलास?" बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, एवढं बंद पडू देऊ नका.

नॉनस्टिक तवा सुनेने आणला, सासऱ्यांचं तेल कमी करायला. "आई, याला लोखंडी उलथनं लावू नका," एवढंच ती म्हणाली. सासूबाईंनी आजवर प्रत्येक नवा तवा आधी धूर निघेपर्यंत रिकामा तापवला होता. लोखंडाला ते मानवतं. याही तव्याखाली त्यांनी मोठी आच ठेवली. नवऱ्याला खोकला, म्हणून खिडकी बंद. पिंजरा उबेला ओट्याजवळ.

"रिकामा तापवलात?" जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले. "लेप जळून वायू सुटला. माणसाला थंडीताप येतो, पाखरू जातं. आधी खिडक्या उघडा. यापुढे आच मध्यम, तवा रिकामा ठेवायचा नाही, लेप निघायला लागला की तवा फेकून द्यायचा."

"मी सांगणारच होते," सून म्हणाली.

"सांगणारच होतीस! वरातीमागून घोडं."

"हळू," मुलगा म्हणाला. "बाबा पलीकडे जागे आहेत. उडून गेला म्हणू. खिडकी उघडी राहिली म्हणू."

"या घरात? या थंडीत?" सून म्हणाली.

"आता उघडीच आहे ना!"

त्यानेच जाऊन सांगितलं. सासरे काठी टेकत आले. त्यांनी रिकामा पिंजरा पाहिला, मग खिडकी, मग बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

संध्याकाळी सासूबाईंना हुडहुडी भरली. "मनाला लागलंय माझ्या," त्या म्हणाल्या.

"मनाला नाही, आई. डॉक्टर म्हणाले तोच ताप," सून म्हणाली.

"तेवढं दुःखही माझं नाही म्हणजे."

सकाळी ताप उतरला.

तेव्हापासून सासरे खिडकीशी बसतात. कोणी ती लावायला गेलं की चांगला हात कडीवर ठेवतात. त्यांचा खोकला वाढलाय, कालपासून अंगात कणकण आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या. सासऱ्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

"त्यांना खरंच वाटतंय का, तो येईल?" सुनेने नवऱ्याला विचारलं. "की सगळं ऐकलंय त्यांनी?"

"तूच विचार."

तिने विचारलं नाही.

आज सासूबाईंनी जुन्या लोखंडी तव्यावर अंडं केलं, चांगलं चमचाभर तेल सोडून. ताटली खिडकीशी नेली.

"काय हो, जेवता ना?"

सासऱ्यांनी बाहेर बघतच ताटली बाजूला सारली. खिडकी अजून उघडी आहे.