टाकीचा नळ

माशांच्या टाकीला नळ बसला, तर जावईबापूंना रविवारची दुपारची झोप मिळणार होती आणि कंबर शाबूत राहणार होती ती वेगळीच. आजवर दर रविवारी टाकीतलं गढूळ पाणी बादलीने गच्चीत नेऊन ते सासूबाईंच्या गुलाबांना घालत. आता त्यांनी टाकीच्या काचेला, सगळं पाणी जाऊन मासे कोरडे पडू नयेत म्हणून अर्ध्या उंचीवर, भोक पाडून थेट न्हाणीघरापर्यंत पाइप नेला. तिथला नळ सोडला की जुनं पाणी मोरीत!

"आळशाला गंगा दूर म्हणतात," बायको म्हणाली, "तुम्ही तर ती घरातच वळवलीत."

"डोकं लागतं त्याला," म्हणत जावईबापू आडवे झाले.

काही रविवार सुखात घोरण्यात गेले. मग एका दुपारी सासूबाई पिवळं पान घेऊन उशाशी उभ्या राहिल्या.

"जावईबापू, माझ्या गुलाबांचं जेवण कुठं गेलं?"

"जेवण?"

"माशांच्या घाणीवरच तर फुलत होते ते! तुम्ही ते मोरीला वाढलंत."

"आई, मोरीत कळ्या आल्यात का बघून येऊ?" बायकोने हसू दाबत विचारलं.

जावईबापूंनी उठून नळाखाली बादली लावली. न्हाणीघरापासून गच्ची तर टाकीपासून होती त्याहूनही लांब होती.

शेवटी माशांना स्वच्छ पाणी मिळालं, गुलाबांना जेवण मिळालं आणि बायकोला वर्षभर पुरेल असा विषय मिळाला. भुर्दंड तेवढा कमरेला बसला, आणि झोपेला.