टाकीमागचा कोपरा

बंदरावर तीस वर्षं मी क्रेन चालवली. उंच केबिनमधून आसपासच्या इमारतींच्या सगळ्या खिडक्या दिसायच्या, पण नजर कायम हुकावर. तेव्हा निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या ड्रोनवरून माझ्याविरुद्ध तक्रार होईल, तीही लोकांच्या गच्चीत डोकावतो म्हणून, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तक्रार केली शेजारच्या खेळाच्या बाईंनी. शाळेत मुलांना पळायला शिकवतात. मध्यंतरी पाय मोडला, ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे, सोमवारी कामावर हजर होणार, असं त्यांनीच सगळीकडे सांगितलं होतं. आधी त्या माझ्या दारात आल्या.

"काका, माझ्या गच्चीवरून ते उडवू नका."

"अगं, मी तुझ्या गच्चीकडे बघतसुद्धा नाही. माझं लक्ष यंत्राकडे असतं."

"तुमचं असेल. कॅमेऱ्याचं कुठे असतं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उडवणं थांबवलं नाही आणि त्यांनी कॉलनीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. हे सेक्रेटरी त्यांच्याच शाळेच्या कार्यालयात मोठे साहेब. त्यांनी रविवारी आपल्या घरी बैठक बोलावली.

"अहो, सोडून द्या," बायको म्हणाली. "जमिनीवर राहूनही माणसं जगतात."

"कर नाही त्याला डर कशाला?" मी म्हणालो आणि ड्रोनमधलं कार्ड काढून खिशात टाकलं. त्यावर शुक्रवारचं चित्रण होतं. मी ते पाहिलेलं नव्हतं, कधीच पाहत नाही. वाऱ्यात यंत्र स्थिर धरायचं, माझी मजा तेवढीच.

बैठकीत मी ऐटीत उभा राहिलो. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? सगळ्यांनी डोळ्यांनीच बघा."

"काका, ते इथे लावू नका," बाई म्हणाल्या. मला वाटलं, खोट्या पडणार म्हणून घाबरल्या. मी कार्ड टीव्हीला लावलं.

पडद्यावर कॉलनी आली आणि जो तो आपापलं घर शोधायला लागला. "ती बघ आमची गच्ची!" "तुमचे वाळत घातलेले पायजमे!" हशा पिकला. मी जिंकलोच होतो. इतक्यात बाईंची गच्ची आली. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात, नखाएवढी, एक बाई भिंत धरून चालत होती. तिने भिंत सोडली. तीन पावलं टाकली आणि पडली. मग हातांवर सरकत भिंतीपर्यंत गेली, उठली, पुन्हा भिंत सोडली.

उंचावरून बारीक हालचाल टिपायची माझ्या डोळ्यांना सवय, म्हणून मला दिसलं. सेक्रेटरी अजून स्वतःचं छप्पर शोधत होते. मी बाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे नाही, साहेबांकडे बघत होत्या.

शेण खाल्लं होतं मी. झटकन कार्ड उपसलं.

"अहो, आमचं घर राहिलं की!" सेक्रेटरी म्हणाले.

"राहू द्या. तक्रार खरी आहे. मी गच्चीत डोकावलो."

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "म्हणजे? काय पाहिलंत?"

"ते सांगितलं तर दुसरी तक्रार होईल," मी म्हणालो आणि कार्ड दोन बोटांत धरून मोडलं.

मग कुजबुज सुरू झाली. या वयात ही थेरं! मागून कुणीतरी मोठ्यानेच म्हणालं, "तीस वर्षं केबिनमध्ये बसून हेच केलं असणार." कानशिलं तापली. आयुष्यात मला इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं, आणि याचं सडेतोड उत्तर माझ्याजवळ होतं. मी ते दिलं नाही.

ड्रोनवर बंदी घालायची का, यावर हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे गेले. मीही केला. खेळाच्या बाईंचा तेवढा खाली राहिला. खुर्चीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

बैठकीहून परतताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. माझ्यामुळे तिलाही चार लोकांत मान खाली घालावी लागली होती. कुलूप उघडताना मी म्हणालो, "तुला तरी वाटतं का मी तसलं काही..."

"उद्या सकाळी गाडी काढा," ती म्हणाली. "तिला शाळेच्या अगदी दारापर्यंत सोडा. भिंत नसते हो रस्त्यावर."