साखरेसाठी वाजवलेली थाळी

"कोन मेला?" प्रेमिलाने धापा टाकत विचारलं. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, हातात धानाच्या रोवणीच्या रोपांची जुडी तशीच. तिच्यामागे बांधावरून बाया धावत येत होत्या. खाली पाण्यात माणसं जाळी सोडून डोंगे काठाकडे वल्हवत होती.

अंगणात सत्यभामा पितळी थाळी आणि पळी घेऊन उभी होती. मेलं कोणीच नव्हतं. घरातली साखर संपली होती, बिसरामचा डोंगा केशोरीच्या बाजारासाठी काठावरून सुटला होता, आणि त्याला हाक ऐकू जाईना म्हणून बाईंनी थाळी बडवली होती.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा मधोमध ही टेकडी तेवढी उरली. तिच्यावर बावीस घरांचा टोला. मोबाइलला रेंज नाही. थाळी वाजली म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतलंय, हातातलं टाकून धावायचं, हा इथला कायदा. आमगावात जन्म काढलेल्या सत्यभामाला तो कुठून ठाऊक असणार? नवरा केवळराम मात्र इथलाच. राइस मिलच्या काट्यावरून निवृत्त झाला, त्याला टोल्याची ओढ लागली आणि दोघं इथे राहायला आली. पाण्याचं, सापांचं, देवाचं सगळं त्याने तिला सांगितलं. एवढं सांगायचं राहून गेलं.

"साखरीसाठी?" प्रेमिला म्हणाली. "बाई, माहा पोरगा दुर्गेश बुडला तवा वाजली होती थाळी. त्याच्यानंतर आजच."

बाया माघारी वळल्या. सत्यभामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून तिने कुणाला साधी हाक मारली नाही. साखर संपली तर बिनसाखरेचा चहा प्यायची. न बोलावता लोकांच्या रोवणीला गेली, जाळी शिवायला शिकली, बोटं सोलून घेतली. दिवाळीनंतर एकदा प्रेमिला आपण होऊन तिच्या ओट्यावर टेकली आणि जाताना एक कोहळं ठेवून गेली. त्या दिवशी सत्यभामा अख्ख्या घरात गुणगुणत फिरली. आता कुठे आपण इथल्या झालो, असं नवऱ्याला तिने दोनदा सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, केवळरामच्या छातीत कळ आली. बंडी घामाने भिजली.

"ग्यास होय," तो म्हणाला.

तिने ओवा दिला, पाठ चोळली. टोला टेकडीच्या पल्याड धानाच्या कापणीला गेला होता. त्याला एकटं टाकून जाववेना. तिने थाळी हातात घेतली. पण खरंच गॅस निघाला तर? पुन्हा सगळे कापणी टाकून धावणार, पुन्हा प्रेमिलाचा तो चेहरा. तिने थाळी खाली ठेवली. चारला बिसराम परत येईल, त्याच्याच डोंग्यातून दवाखान्यात नेऊ, असं ठरवून ती नवऱ्याचा हात धरून बसली. दोन तासांत पाच वेळा उठली आणि पाच वेळा बसली. डोंगा काठाला लागला तेव्हा तो हात गार पडला होता.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. पैलतीरावर माती देऊन आल्यावर सगळा टोला तिच्या अंगणात बसला. इतकी माणसं तिच्या दारात कधीच आली नव्हती. प्रेमिलाने घरून वरणभात आणला आणि तिच्याजवळ बसून थाळी काऊन नाही वाजवली, असं हळूच विचारलं.

"वेळच नाही भेटला," सत्यभामा म्हणाली. "एकदम गेले."

प्रेमिलाला ते पटलं. केवळभाऊचे हाल झाले नाहीत हे चांगलं झालं, म्हणाली. मग तिने भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला.

"आमी रागावतो व वयनी," ती म्हणाली, "पन येतो."

सत्यभामाने तोंड उघडलं. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. प्रेमिला दुसरा कालवून थांबली होती, म्हणून तिने तो गिळला.