दाराशी उभा असलेला

बायकोच्या हुशारीचा त्याला कोण अभिमान! तिची दृष्टी गेल्यापासून रोज दुपारी तो तिला रहस्यकादंबऱ्या वाचून दाखवी, आणि पुस्तक निम्म्यावर यायच्या आत, विणकामाच्या सुया खालीसुद्धा न ठेवता, खुनी कोण ते सांगून ती मोकळी होई. आजवर ती एकदाही चुकली नव्हती, आणि हे त्याने चारचौघांत इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी तिचा भाऊ एक नवी कोरी कादंबरी घेऊन आला. ताईने यातला खुनी ओळखला तर मी कान पकडेन, म्हणाला, आणि रविवारी निकाल ऐकायला यायचं ठरवून गेला.

कादंबरी होतीही झकास. बंद बंगला, आत एक प्रेत, आणि संशय घ्यायला फक्त तिघं.

"बांधणी घट्ट आहे हो," तिने मत दिलं. "पण खुनी त्या तिघांतला नाही. दाराशी उभा असतो ना, तो."

"दाराशी कोण?"

"तुम्हीच तर वाचताय. काही बोलत नाही, नुसता ऐकत उभा असतो."

त्याने मागची पानं चाळली. दाराशी कोणीच नव्हतं. शेवटचं पान चोरून पाहिलं, तर खुनी निघाला त्या तिघांतलाच पुतण्या. मेहुणा हसेल त्याचं एवढं काही नव्हतं, पण तू चुकलीस हे तिला आपल्या तोंडाने सांगणं त्याच्याच्याने होईना. मग त्याने पुस्तक मांडीवर मिटलं आणि मनानेच शेवट रचून सांगायला घेतला: इतका वेळ दाराशी उभा असलेला तो माणूस आता हळूच आत येतो... आयुष्यात साधं पत्रही धड न लिहिलेल्या त्याला वाक्यामागून वाक्य सुचत गेलं, आणि तिचा चेहरा असा खुलत गेला की त्याची छाती अभिमानाने भरून आली. ही आपली बायको, आणि आपण तिला हरू दिलं नाही.

घसा कोरडा पडला तसा तो थांबला आणि त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

ती मान डोलावत ऐकतच होती. मधेच हसली, एक टाका घातला.

"आता कसा छान आवाज लागलाय तुमचा," ती कौतुकाने म्हणाली. "थांबू नका."

पेला त्याच्या ओठांशीच राहिला. तिने तोंड वळवलं होतं ते दाराकडे.