चावी साहेबांच्या टेबलावर

नणंद कामावरून आली ती चप्पल न काढताच मोरीत शिरली. वहिनी आधीच घरी येऊन कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. अलीकडे हे रोजचंच झालं होतं.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही, वहिनी. तुझ्यापायी."

दोघी एकाच कारखान्यात दप्तरं शिवत. तिथल्या सुपरवायझरच्या सदऱ्याला कधी सुरकुती नसे, म्हणून बायका त्याला पाठीमागे 'इस्त्री' म्हणत. पट्ट्याची शिवण बघायच्या निमित्ताने हा इस्त्री वहिनीच्या मागे उभा राही आणि मानेवरून खाली हात फिरवी. पहिल्यांदा तिने हात झटकला. पुढच्या वेळी ती तडक मालकांकडे गेली.

"बघतो," मालक म्हणाले होते.

त्यांनी बघितलं ते असं: वहिनीचं मशीन काढून घेतलं, तिला धागे कापायला कोपऱ्यात बसवलं आणि बायकांच्या संडासाला कुलूप लावलं. चावी इस्त्रीच्या टेबलावर. जिला जायचं तिने त्याच्यासमोर उभं राहून मागायची. तो नखशिखांत बघून घ्यायचा, मग चावी सरकवायचा. तक्रार एकीची, शिक्षा सगळ्यांना. मग सगळ्या मिळून तिलाच खायला उठतील, हे मालकांना न सांगता कळत होतं. तसंच झालं. वहिनीशी कोणी बोलेना.

आज मालकांनी तिला बोलावून तोडगा सांगितला होता. उद्या सकाळी सगळ्यांसमोर म्हणायचं, माझा गैरसमज झाला. मशीन परत, कुलूपही काढू.

"अगं, एक वाक्य तर बोलायचंय," नवरा म्हणाला. "जीभ झिजणार आहे का तुझी?"

"कुठल्या कामात असं नसतं?" सासूबाईंनी री ओढली. "आम्ही नाही का सोसलं?"

"सोसलंत, म्हणून तर त्याची हिंमत झाली, आई," वहिनी म्हणाली.

मग ती नणंदेकडे वळली. "तुझं मशीन माझ्या मागेच होतं. तू पाहिलंस ना?"

"मी मान खाली घालून शिवत होते."

"मान खाली होती. डोळे मिटले होते का?"

नणंद उठून आत गेली. वहिनीने सुरी कांद्यावर अशी मारली की पाट हादरला. तिच्या मनात दयामाया उरली नव्हती. त्या माणसाचं नाक सगळ्यांसमोर कापलं जावं, त्याच्या घरच्यांना कळावं, मालकांनी चार माणसांत मान खाली घालावी, एवढंच तिला हवं होतं.

सकाळी मशिनं थांबली. मालक उभे, शेजारी इस्त्री, ओठांत हसू दाबून.

"माझा गैरसमज झाला होता," वहिनी म्हणाली. मालकांनी समाधानाने मान हलवली. "मला वाटलं होतं, मालकांना माहीत नाही म्हणून हे चाललंय. आता कळलं, माहीत असूनच चाललंय." मग कुठे हात लागला, काय बोलला, ते तिने एकेक करून सांगितलं. आवाज चिरकला, पण थांबला नाही. इस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाहेर काढा हिला!" मालक ओरडले.

फाटकातून ती तशीच कामगार कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्रास दिला हा एक गुन्हा," त्या म्हणाल्या. "तक्रार केली म्हणून छळलं, कामावरून काढलं, हा दुसरा. त्यात मालकही येतात. पण साक्षीला कोण आहे? आणि तुम्हाला नक्की काय हवंय? नोकरी परत?"

"नोकरी हवीच. पण आधी त्या दोघांना शिक्षा. मिटवामिटवी करायला मी आलेली नाही, बाई. लोक याला सूड म्हणतील. म्हणू देत."

दार ढकलून नणंद आत आली. धापा टाकत होती, ओढणीला दप्तराचे धागे चिकटलेले. तिने खुर्ची ओढली.

"मी पाहिलंय," ती म्हणाली. "माझं आधी लिहून घ्या, बाई. नाहीतर धीर जाईल माझा."