टोपीचं पहिलं काम

ओडेल निवडुंगाचे काटे जाळत होता. दुष्काळाचं ते चौथं वर्ष. टेक्सासच्या त्या रानात गुरांना निवडुंगाचाच चारा उरला होता. बायको व्हर्ना भाजलेली फडी गुरांपुढं ओढून टाकत होती. तेवढ्यात शेजारच्या रॉइस टटचा वळू कुंपणाच्या लोळलेल्या तारा तुडवत आला, अन् त्यानं ओडेलच्या मांडीत शिंग खुपसलं.

कुंपणाचा तिथला रिवाज साधा. शेजाऱ्यांनी मधोमध समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो भाग, तो त्यानं सांभाळायचा. ओडेलचा भाग ताठ होता, रॉइसचा वर्षभर लोळलेला. दर रविवारी चर्चच्या पायरीवर रॉइस आपली छत्रीएवढी टोपी दोन बोटांनी सारखी करी अन् सांगे, मंगळवारी तारा ओढतो, वळूची शिंगं कापतो. गुरं म्हणाल तर हा एकच वळू. गाव म्हणे, टोपी डोंगराएवढी अन् दावण रिकामी.

आरडाओरडा ऐकून रॉइस गाडी घेऊन आला. वळू ओडेलला मातीतून फरफटवत होता.

"रॉइस, हाकल त्याला!" व्हर्ना ओरडली.

"आलोच, वयनी. दोर काढतो," तो म्हणाला अन् जागीच उभा राहिला.

परक्याच्या टोपीला हात लावला म्हणून त्या मुलखात सुरे निघाले आहेत. व्हर्नानं रॉइसची टोपी हिसकावली, वळूच्या तोंडावर हाणली आणि लांब भिरकावली. वळू ओडेलला सोडून टोपीवर तुटून पडला. तिनं रॉइसच्याच गाडीतली बंदूक ओढली. तिसऱ्या गोळीला वळू टोपीवर कोसळला.

ओडेलची मांडी पट्ट्यानं आवळून तिनं त्याला गाडीत घातलं. रॉइसचं उघडं कपाळ पांढरंफटक दिसत होतं. त्याला ऊन कधी लागलंच नव्हतं.

"डाक्टरकडं मी नेते. तू तारा ओढ."

"उद्या सकाळी नक्की, वयनी."

"अजून दोन गोळ्या हायत," ती म्हणाली अन् पक्कड त्याच्या पायाशी टाकली.

ओडेलचा पाय गेला, जीव राहिला. व्हर्ना सांजेला परतली तेव्हा तारा ताणलेल्या होत्या. खांबाला टेकलेल्या रॉइसचं कपाळ भाजून लाल झालं होतं. तिला बघून सवयीनं त्याची दोन बोटं वर गेली, मोकळ्या हवेत चाचपली, अन् खाली आली.